मॉर्फिनची पिशवी उघडण्याआधी: अमेरिकेतील कृष्णवर्णीय कर्करुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी वेदनेविषयी कसे बोलावे

अमेरिकेतील रुग्णालये, केमोथेरपीची केंद्रे, औषधांची दुकाने आणि घरी जाऊन शुश्रूषा देणाऱ्या सेवा, या सगळ्या ठिकाणी मराठी बोलणारे डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट आता सहज भेटतात. डेट्रॉइट, अटलांटा, शिकागो, बाल्टिमोर अशा शहरांत त्यांच्याकडे येणाऱ्या कर्करुग्णांपैकी बरेच जण कृष्णवर्णीय असतात. त्यांना लिहून दिलेली वेदनाशामक औषधे कधी घेतली जात नाहीत, कधी अर्धीच घेतली जातात, आणि हा अनुभव आपल्या माणसांना नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच येतो. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. मी डेट्रॉइट परिसरात घरोघरी जाऊन कर्करुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका आहे, आणि खाली लिहिलेल्यातले पुष्कळसे मी आधी चुकून मग शिकले आहे.

त्यातली एक चूक आधी सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते. मल्टिपल मायलोमा झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंकडे मी पहिल्यांदा गेले होते. या आजारात हाडे पोखरली जातात, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये त्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. बाई खुर्चीत सरळ न बसता एका कुशीवर रेलून बसल्या होत्या आणि बोलताना श्वास तोडून घेत होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर औषधांच्या दुकानाची कागदी पिशवी होती. तिला मारलेली पिनही काढलेली नव्हती. आत मॉर्फिनच्या गोळ्या होत्या आणि पिशवीवरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती. मी समोर बसून मॉर्फिन म्हणजे काय, ते किती सुरक्षित आहे आणि कर्करोगाच्या रुग्णाने व्यसनाची काळजी का करू नये, हे दहा मिनिटे समजावले. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि "बरं हं, बेबी" एवढेच म्हटले. मी निघाले तेव्हा त्यांची मुलगी दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझा धाकटा भाऊ हेरॉइननं गेला. त्याच खोलीत. आई त्या पिशवीला हात लावणार नाही." मी दहा मिनिटे बोलले होते, एक प्रश्न विचारला असता तर हे मला पहिल्याच मिनिटाला कळले असते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की समजावण्याची घाई करू नये. जिला आपण "गैरसमजूत" म्हणून कागदावर नोंदवतो, ती बहुतेक वेळा त्या घराने पाहिलेल्या किंवा पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या एखाद्या खऱ्या घटनेची आठवण असते. ती आठवण बाहेर येण्याआधी दिलेली माहिती कितीही बिनचूक असली तरी आत शिरत नाही.

या आठवणींचा थोडा इतिहास स्वतःला ठाऊक असावा. तो रुग्णाला ऐकवायचा नसतो. त्यांच्या तोंडून उल्लेख आला तर आपण गोंधळू नये, एवढ्यासाठी तो हवा. 1840 च्या दशकात अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलामगिरीतील स्त्रियांवर भूल न देता पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे आपल्याला माहीत आहेत. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलवायला 2018 साल उजाडले. त्याच अलाबामातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासासाठी निरीक्षणाखाली ठेवले. त्यांपैकी 399 जणांना सिफिलिस होता, आणि पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाल्यावरही त्यांना तो मिळू दिला नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल 1997 मध्ये माफी मागितली. डेट्रॉइटमधील अनेक वृद्ध रुग्णांची घरे मुळात अलाबामा, जॉर्जिया आणि मिसिसिपीकडून उत्तरेत आलेली आहेत, त्यामुळे या गोष्टी त्यांना घरातल्या बोलण्यातून माहीत असतात. आणि हे सारे जुने झाले असे म्हणण्याचीही सोय नाही. 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारखे किमान एक खोटे विधान खरे मानले होते. ज्यांनी अशी विधाने मानली, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाचे दुखणे कमी लेखले आणि त्यासाठी सुचवलेले उपचारही कमी अचूक होते.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ.

सुरुवात कशी करावी

रुग्णाला मिस्टर, मिसेस किंवा मिस लावून आडनावानेच हाक मारावी. त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय पहिले नाव घेऊ नये. अमेरिकेत सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, अशी आपली समजूत असते. पण दक्षिणेत वाढलेल्या वयस्कर कृष्णवर्णीय माणसाच्या मनात या गोष्टीला वेगळे वजन आहे. 1963 मध्ये अलाबामातील न्यायालयात सरकारी वकिलाने मेरी हॅमिल्टन या तरुणीला नुसते "मेरी" म्हटले. "मिस हॅमिल्टन" म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितल्यावर न्यायाधीशाने तिला न्यायालयाचा अवमान केला म्हणून तुरुंगात पाठवले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. "अहो" आणि "ए" यांतले अंतर मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. तीच जाण इथे वापरायची आहे.

खोलीत कोण कोण आहे, हे नीट विचारून घ्यावे. मुलगी, बहीण, भाची यांच्याबरोबर रक्ताचे नाते नसलेली पण घरचीच मानलेली माणसेही असतात, आणि चर्चमधील एखाद्या ज्येष्ठ बाईंचा शब्द डॉक्टरच्या शब्दापेक्षा मोठा असू शकतो. "तुमच्या औषधांकडे कोण पाहतं? आणि एखादा निर्णय घ्यायचा असला तर आधी कोणाशी बोलावंसं वाटतं?" हे दोन्ही प्रश्न विचारावेत, कारण पुष्कळदा त्यांची उत्तरे वेगवेगळी असतात.

त्यानंतर दुखण्याविषयी विचारावे, पण फक्त शून्य ते दहा या मापाने नव्हे. पुष्कळ रुग्ण दुखते का म्हटले की नाही म्हणतात, आणि तेच रुग्ण ठणकते, आखडते, दाबल्यासारखे होते, असे विचारले की हो म्हणतात. म्हणून शब्द त्यांचाच घ्यावा आणि नोंदीतही तोच लिहावा. आकडा सांगितला तर त्याला जोडून काम विचारावे: रविवारच्या प्रार्थनेत शेवटपर्यंत बसवते का, केस विंचरायला हात वर जातो का, रात्री कूस बदलताना जाग येते का. सहनशीलता हा या समाजात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, अभिमानाचा विषय आहे. सगळ्या घराला आधार देणारी बाई स्वतः कण्हत नाही. त्यामुळे आकडा तीन असतो आणि बाई दोन महिन्यांत चर्चला गेलेल्या नसतात.

मग ज्या प्रश्नासाठी मी नऊ दिवसांची ती पिशवी विसरू शकत नाही, तो प्रश्न येतो: "अशी औषधं घेतलेलं तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? त्यांचं काय झालं?" हा प्रश्न विचारून गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो.

भीती कशाची आहे, ते वेगळे करावे

सर्वांत मोठी भीती व्यसनाची असते, आणि तिच्या पोटात दोन-तीन निरनिराळ्या भीती असतात. एक, स्वतःला व्यसन लागेल ही. दुसरी, आपल्याला व्यसनी समजले जाईल ही. ही दुसरी अधिक खोल असते. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक कोकेन (कोकेनचा ओढायचा, स्वस्त प्रकार) विकणाऱ्याला किंवा विकण्यासाठी बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली, आणि तेवढीच शिक्षा पावडर कोकेनसाठी 500 ग्रॅमला होती. शंभरास एक असे हे प्रमाण 2010 मध्ये अठरास एकवर आले, पण तोपर्यंत कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कितीतरी घरांतली माणसे तुरुंगात गेली होती. ज्या घराने हे पाहिले, त्या घरात पोलिसांना रस वाटेल असे औषध ठेवणे ही साधी गोष्ट नाही. तिसरी भीती चोरीची असते: नातू हात घालील, शेजाऱ्याला कळले तर कोणी दार फोडील.

यावर "कर्करुग्णाला व्यसन लागत नाही" असे सरसकट सांगू नये. ते पूर्ण खरे नाही, आणि ज्याने घरात व्यसन पाहिले आहे त्याला ते लगेच कळते. खरे ते असे सांगावे की काही दिवस नियमित घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचे नसते, हळूहळू कमी करायचे असते. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो. दुखणे कमी झाल्यामुळे स्वयंपाकघरात उभे राहता येऊ लागले, तर औषध माणसाला आयुष्याकडे परत आणत असते. व्यसनाचा धोका कोणात जास्त असतो, हेही लपवू नये: पूर्वी व्यसन असलेल्या रुग्णालाही वेदनाशामक मिळाले पाहिजे, फक्त मात्रा थोड्या दिवसांची द्यावी आणि भेटी जवळजवळच्या ठेवाव्यात. चोरीच्या भीतीवर बोलून उपाय होत नाही; कुलपाची पेटी द्यावी लागते. तिची किल्ली कोणाकडे राहील, हे तिथेच ठरवावे, आणि उरलेल्या गोळ्या परत घेणारे औषधांचे दुकान कोणते ते लिहून द्यावे. नॅलोक्सोनचा, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधाची जास्त झालेली मात्रा उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा घरात असावा. 2023 पासून तो चिठ्ठीशिवाय मिळू शकतो. मात्र तो देताना "हे घरातल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे" असे आधी सांगावे, नाहीतर आपल्यावर संशय घेतला जात आहे असे रुग्णाला वाटते.

व्यसनाखेरीजची मोठी भीती अशी की मॉर्फिन म्हणजे शेवट. ही निराधार नाही, कारण पुष्कळ घरांत मॉर्फिन खरोखरच अगदी शेवटच्या दोन दिवसांत आले होते आणि माणूस त्यानंतर लगेच गेला होता. मॉर्फिनमुळे मरण आले, असा अर्थ घरच्यांनी लावला. तो काळ आणि ती खोली त्यांना आठवू द्यावी, आणि मग सांगावे की तेव्हा औषध उशिरा आले होते. आता ते लवकर सुरू करण्याचा हेतूच हा की दिवस चांगले जावेत. आता जोरकस औषध घेतले तर पुढे काही उरणार नाही, ही शंकाही याच्याच जवळची. मॉर्फिनला ठरावीक कमाल मात्रा नसते, दुखणे वाढले तर ती काळजीपूर्वक वाढवता येते, हे साध्या शब्दांत सांगितले की बऱ्याच जणांना पटते. काही जण दुखणे सांगतच नाहीत, कारण वाढलेले दुखणे म्हणजे वाढलेला रोग, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नसते. काहींना वाटते की तक्रार केली तर डॉक्टरचे लक्ष रोगावरून उडेल.

दुष्परिणामांची भीती मात्र मी कधीच हलकी मानत नाही. कृष्णवर्णीय रुग्णांना वेदनाशामक निवडताना दुष्परिणामांची चिंता अधिक महत्त्वाची वाटते, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सलिमा मेघानी यांच्या कामातून दिसले आहे. त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: मूत्रपिंडे नीट काम करत नसलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांनाही मॉर्फिन दिले जात होते, खरे तर अशा स्थितीत मॉर्फिनचे विघटित घटक शरीरात साचतात आणि गुंगी, गोंधळ, स्नायूंना झटके येणे असे त्रास वाढतात. म्हणजे "मला ते सोसत नाही" म्हणणारी बाई खरे सांगत असू शकते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी पाहावी आणि दुसरे औषध योग्य ठरेल का, ते डॉक्टरांना विचारावे. मळमळ आणि पेंगुळलेपण बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीच्या दिवसापासूनच सेनासारखे रेचक सोबत हवे. हे न दिल्यामुळे औषध बंद केलेले रुग्ण मी व्यसनाच्या भीतीने बंद केलेल्यांइतकेच पाहिले आहेत. हाडातल्या एका जागी दुखत असेल तर त्या जागेला एकदाच दिलेल्या किरणोपचारानेही पुष्कळ आराम पडतो, आणि नसांचे जळजळते दुखणे असेल तर ड्युलोक्सेटिन किंवा गॅबापेंटिन विचारात घेता येते. हे पर्याय ऐकले की, फक्त गोळ्या वाढवायला हे लोक आलेले नाहीत, असा विश्वास वाटतो.

श्रद्धेविषयी

देव झेपेल एवढेच ओझे देतो, हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. त्याच्याशी वाद घालणे चूक आहे, आणि नुसती मान डोलावून पुढे जाणेही चूकच. "तुम्ही प्रार्थनेत काय मागता?" असे मी विचारते. कोणी बरे होणे मागतात, कोणी बळ मागतात, कोणी नातीचे लग्न पाहायला मिळावे असे म्हणतात. मागणे कळले की औषधाचे काम त्या मागण्याच्या शेजारी ठेवता येते: प्रार्थनेला बसण्याइतके बळ राहावे म्हणून सकाळची गोळी किती वाजता घ्यायची, हे बोलणे दोघांनाही समजते. अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये पांढऱ्या गणवेशातील परिचारिकांचे मंडळ असते. रुग्णाच्या संमतीने त्यांच्यापैकी एखादीला किंवा पाद्रींना भेटीच्या वेळी बोलवावे. गोळी घेणे म्हणजे विश्वास डळमळणे नव्हे, हे त्यांनी एकदा सांगितले की ते आपल्या दहा भेटींपेक्षा अधिक उपयोगी पडते.

घरी काळजी घेणाऱ्याशी वेगळे बोलावे

रुग्णाने परवानगी दिली की मुलीशी, नवऱ्याशी किंवा भाचीशी स्वयंपाकघरात पाच मिनिटे स्वतंत्र बसावे. मुलीची भीती आईच्या भीतीहून निराळी असते: माझ्या हातून जास्त दिले गेले तर? आई झोपली आणि उठलीच नाही तर? ही भीती ती आईसमोर कधी बोलणार नाही, आणि त्यामुळे रात्री दोनला दुखायला लागले तरी सकाळपर्यंत थांबेल. तिला नेमके सांगावे: झोपलेली आई हाक मारल्यावर डोळे उघडते आणि श्वास नियमित असतो, तर ती झोप आहे, हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद असेल, ओठ निळसर-राखाडी पडले असतील, तर नॅलोक्सोन द्यायचे आणि 911 ला फोन करायचा. रात्री कोणता क्रमांक लागतो, तो फ्रिजवर चिकटवून द्यावा, आणि तो खरोखर उचलला जातो का, हे आधी स्वतः लावून पाहावे.

एक साधी वही द्यावी. वेळ, दुखणे किती, कोणती गोळी, तासाभराने काय वाटले, शौचाला झाली का, एवढे पुरे. दीर्घकाळ टिकणारी गोळी कापायची किंवा चुरायची नाही, कारण त्यामुळे दिवसभराचे औषध एकदम उतरू शकते, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे. "जरा कमीच घेऊ" म्हणून नेमकी तीच गोळी अर्धी करणारी घरे मी पाहिली आहेत. शेवटी "समजलं का?" असे विचारू नये, त्यावर सगळे होच म्हणतात. "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, रात्री दुखलं तर तुम्ही काय कराल?" असे विचारावे.

औषध हातात पडेपर्यंत काम संपत नाही

रुग्णाची समजूत बदलली आणि दुकानात औषध नाही, असे झाले तर ती समजूत पुन्हा जुन्या जागी जाते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील पाहणीत, मुख्यतः गोरी वस्ती असलेल्या भागांतील 72 टक्के दुकानांत ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या, औषधांचा पुरेसा साठा होता, तर गोरेतर वस्त्यांत फक्त 25 टक्के दुकानांत. आमच्या मिशिगनमध्ये 2005 साली कारमेन ग्रीन आणि सहकाऱ्यांना हेच प्रमाण 87 आणि 54 टक्के आढळले. म्हणून चिठ्ठी पाठवण्याआधी दुकानाला फोन करून साठा विचारावा, विम्याची पूर्वपरवानगी लागणार असेल तर ती त्याच दिवशी मागावी, आणि शुक्रवारी दुपारी संपणारी मात्रा बुधवारीच पाहून ठेवावी. दुकानदाराने ओपिऑइडविषयीच्या नियमांचा हवाला दिला, तर रोगनियंत्रण केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना कर्करोगाच्या वेदनेला लागू नाहीत, हे नम्रपणे सांगावे. लघवीची तपासणी सांगताना ती कोणाकोणाची होते हे आधी आपल्या विभागात विचारून घ्यावे. आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या कृष्णवर्णीय कर्करुग्णांना ओपिऑइड कमी मिळतात आणि त्यांची अशी तपासणी मात्र अधिक होते, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींच्या अभ्यासात दिसले. तपासणी सर्वांची होत नसेल तर रुग्णाला "सगळ्यांचीच करतो" असे सांगू नये. तो मुद्दा आपल्या बैठकीत मांडावा.

इथे आपल्याविषयीही बोलणे भाग आहे. रंगावरून माणूस जोखण्याची सवय आपण घरून घेऊन येतो. "हे लोक औषधांसाठी येतात" हे वाक्य मी मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही जेवणाच्या सुट्टीत ऐकले आहे, आणि तेव्हा मी गप्प राहिले याचे मला वाईट वाटते. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी आपल्याच गेल्या महिन्याच्या नोंदी काढून, सारखे दुखणे सांगणाऱ्या रुग्णांना आपण काय दिले, किती वेळाने दिले, हे पाहावे. मॉर्फिनची धास्ती आपल्या घरांनाही अपरिचित नाही. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर ते मिळणे इतके अवघड झाले की 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ज्यांच्या आजोबांनी शेवटचे महिने तसेच काढले, त्यांना समोरच्या घरातली भीती ओळखता यायला हवी.

नंतरचा फोन

औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करावा. आधी शौचाचे विचारावे, मग झोपेचे, मग दुखण्याचे. पुढच्या भेटीत गोळ्या मोजताना त्या कमी झालेल्या नसतील तर रागावू नये आणि "सांगितलं होतं ना" असे म्हणू नये; काही तरी अजून सांगायचे राहिले आहे, असे समजावे आणि पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जावे. त्या मायलोमाच्या बाईंकडे मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा औषधाचा विषयच काढला नाही. त्यांच्या मुलाविषयी विचारले. त्या पाऊण तास बोलल्या, त्याचा शाळेतला फोटो आणायला मुलीला आत पाठवले, आणि मग म्हणाल्या, "गोळ्या या घरात नकोत. दुसऱ्या कोणत्या रूपात मिळतं का?" त्वचेला लावायची ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाची पट्टी डॉक्टरांनी सर्वांत कमी मात्रेपासून सुरू करायला लिहून दिली, कुलपाची किल्ली मुलीच्या गळ्यातल्या साखळीत गेली, आणि ती पिनबंद पिशवी मुलीने माझ्यासमोर औषधांच्या दुकानात परत देण्यासाठी उचलली.